बर्फासाठी रजा

आमच्या शेडमध्ये, सायकलींच्या मागे, एक लाल प्लास्टिकची स्ले दोन वर्षं खिळ्याला टांगलेली होती. स्ले म्हणजे बर्फावरून घसरायची बिनचाकाची गाडी, पुढे ओढायला दोरी. आमच्या स्लेला ब्रेकसुद्धा होता. तिच्यावरचं दुकानाचं लेबल मी काढलं नव्हतं, कारण ती एकदाही बर्फाला लागली नव्हती. सायकल काढताना रोज ती दिसायची आणि रोज मी दुसरीकडे बघायचे.

त्याची हकिगत अशी. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी आमच्या गावात, नायमेखनमध्ये, बर्फ पडला. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. इकडे येण्याआधी माझी समजूत होती, की युरोपात हिवाळाभर सगळं पांढरंशुभ्र असतं. नेदरलँड्समध्ये हिवाळाभर पडतो तो पाऊस, आणि तोही आडवा. बर्फ कधीतरी येतो, एक-दोन दिवस टेकतो आणि वितळून जातो. पाच वर्षं इथे राहूनही हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. लेक शाळेतून पळत आली, दप्तर दारातच टाकलं आणि घरी बोलते त्या इंग्रजीत म्हणाली, “आई, कॅन वी गो टु द डाइक? नाउ?”

डाइक म्हणजे वाल नदीचा बंधारा. घरापासून चालत दहा मिनिटं. या सपाट देशात उतार म्हणून जो काही आहे तो आमच्या वाट्याला हाच, एरवी मेंढ्या चरतात तो. तिच्या वर्गातली सगळी मुलं त्या दुपारी तिथे घसरत होती. मी म्हणाले, “अगं, अशी कशी जाणार? आपल्याकडे स्ले नाही, बर्फात घालायची पँट नाही. शनिवारी जाऊ. नीट तयारी करून जाऊ.”

नीट तयारी हे माझं जुनं दुखणं आहे. मी कॉम्प्युटरच्या चिप्सच्या चाचण्यांचं काम करते. तपासल्याशिवाय काहीही पुढे सरकू द्यायचं नाही, यावरच माझं पोट चालतं. त्या आठवड्यात मी स्लेची तपासणी केली. लाकडी की प्लास्टिकची, ब्रेक आहे की नाही, आधी घेतलेल्या लोकांचं म्हणणं काय, सगळं वाचून काढलं. नवरा म्हणाला, “अगं, एव्हरेस्टवर नाही जायचंय.” मी त्याला गप्प बसवलं. शुक्रवारी पार्सल आलं आणि शुक्रवारीच संध्याकाळी पाऊस सुरू झाला.

शनिवारी आम्ही तरीही गेलो, कारण मी तसं म्हटलं होतं. बंधारा हिरवागार होता. चिखल, मेंढ्यांच्या लेंड्या आणि मधेमधे करड्या बर्फाचे दोन-चार ठिपके. लेक नवी पँट घालून वर, उताराच्या टोकाशी, नव्या स्लेमध्ये बसून राहिली. “मेबी इट विल कम अगेन,” म्हणाली. पंधरा मिनिटांनी उठली, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “इट्स ओके, आई.” रडली असती, हातपाय आपटले असते, तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिने मागणं सोडलं. सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही. प्राणिसंग्रहालय नाही, पोहायला जाऊ या नाही, मैत्रिणीला राहायला बोलावू का नाही. काही ठरवलं तर यायची, नाही ठरवलं तर चित्र काढत बसायची. मी तर आईला फोनवर कौतुकाने सांगितलं, की पोरगी शहाणी झाली, अजिबात हट्ट करत नाही. मग शाळेत पालकभेटीला गेले, तेव्हा तिच्या बाईंनी त्यांच्या त्या सरळसोट डच पद्धतीने सांगितलं, “ती कधीच काही मागत नाही. पेन्सिल मोडली तरी गप्प बसून राहते, कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत. घरीही असंच आहे का?” माझे कान गरम झाले. घरी असंच होतं, आणि ते कुठून सुरू झालं ते शेडमधल्या खिळ्यावर टांगलेलं होतं.

एका शनिवारात पोरगी हरवते असं नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे माझे कितीतरी ‘बघू’, ‘नंतर’ आणि ‘हे एवढं काम संपू दे’ त्यात होते. पण तिने ज्या दिवशी हिशेब बंद केला तो दिवस मला माहीत होता. म्हणून या हिवाळ्यात मी रोज हवामान बघत होते. घरात कुणाला सांगितलं नाही.

आणि या वर्षी एका गुरुवारी पहाटे बर्फ आला. पडदा सरकवला तर समोरची कुंपणं, उभ्या सायकलींची सीटं, कचऱ्याचे डबे, सगळ्यावर वीतभर जाड थर. नवरा युट्रेख्टला कामाला असतो. तो आदल्या दिवशी गेला होता आणि रेल्वेगाड्या बंद पडणार म्हणून तिथेच मित्राकडे राहिला होता. लेक उठली, खिडकीशी गेली, काचेला कपाळ लावून उभी राहिली. मी मागे पोह्यांचा चमचा हातात धरून वाट बघत होते. विचार, आता विचार. तिने विचारलं नाही. बूट घातले आणि म्हणाली, “वी हॅव टु वॉक टुडे.”

शाळेच्या रस्त्यावर मी पुन्हा एकदा या लोकांना मनातून नमस्कार केला. खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गाड्यांनी सायकलींचा रस्ता मोटारींच्या रस्त्याआधी साफ करून त्यावर मीठ टाकलं होतं. पण आज सायकली कमी आणि स्ले जास्त होत्या. आईबाप दोरी खांद्यावर टाकून पोरांना ओढत शाळेत नेत होते, सूटबूटवाला एक बाप तर पळत होता. शाळेच्या कुंपणाला एरवी सायकली टेकतात, तिथे स्लेंची रांग लागली होती. त्यातल्या निम्म्या आजोबांच्या वयाच्या, लाकडी, गंजक्या पट्ट्यांच्या. कुणीही त्या ऑनलाइन मागवलेल्या नव्हत्या. ही माणसं दोन-दोन वर्षं एका दिवसासाठी माळ्यावर स्ले सांभाळून ठेवतात आणि तो दिवस आला की त्याला अजिबात ताटकळत ठेवत नाहीत. बाईंनी दारातच सांगितलं, की पहिला तास गणिताचा नाही, पटांगणाचा आहे.

परत आले तेव्हा शेजारीणबाई त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. या बाई सत्तरी ओलांडलेल्या, उंचच उंच. आयुष्यभर घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा केलेली, त्यामुळे कुणाच्या नाजूक भावना सांभाळायच्या भानगडीत पडत नाहीत. मांडीवर लाकडी स्ले उलटी घेऊन तिच्या लोखंडी पट्ट्यांवर त्या मेणबत्तीचा तुकडा घासत होत्या. मेण लावलं की गाडी पळते, म्हणाल्या. ही स्ले त्यांच्या वडिलांनी केलेली होती.

“पाऊस चार वाजता,” त्या आकाशाकडे न बघता फोनकडे बघत म्हणाल्या. “मुलीची शाळा दोनला सुटते ना?”

“हो, पण गुरुवारी ती शाळेनंतरच्या पाळणाघरात असते. मला दोनला मीटिंग आहे. महत्त्वाची आहे. ग्राहकाला सगळे निकाल मीच दाखवणार आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेण घासू लागल्या. “शनिवारी बर्फ नसेल हं.”

त्यांना आमची हकिगत माहीत नव्हती. त्या नुसतं हवामान सांगत होत्या. पण मी घरात येऊन बूट न काढता तशीच सोफ्यावर बसले. दोन ते चार, एवढाच वेळ होता. मीटिंग दोन ते साडेतीन.

आता मी काय केलं ते सांगते, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं. माझे वडील नाशिकला पाटबंधारे खात्यात होते आणि आमच्या घरात रजेचा अर्ज हा एक साहित्यप्रकार होता. ‘अचानक प्रकृती बिघडल्याने’, ‘अपरिहार्य घरगुती कारणास्तव’, अशी घोटीव वाक्यं मी पाढ्यांबरोबर शिकले. वडिलांच्या एका सहकाऱ्याची आजी नोकरीच्या काळात चार वेळा वारली होती आणि साहेबांनी चारही वेळा गंभीर चेहऱ्याने सही केली होती. मजा करायची आहे म्हणून रजा हवी, असा अर्ज आमच्या माहितीत कुणी केला नव्हता. तो मंजूर झाला असता की नाही, हेही कुणी बघितलं नव्हतं. आईचा फक्त एक नियम होता, पोराच्या दुखण्याचं खोटं सांगायचं नाही.

साडेअकराला मी माझ्या मॅनेजरला लिहिलं, की मुलीला ताप आलाय, शाळेने न्यायला बोलावलंय, दोनच्या मीटिंगला येऊ शकत नाही, स्लाइड्स सहकाऱ्याला पाठवते आहे, क्षमस्व. आईचा नियमही गेला. मग फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला, म्हणजे उत्तर वाचायलाच नको.

दोनला मी शाळेच्या फाटकात लाल स्ले घेऊन उभी होते. लेक बाहेर आली, मला बघून थबकली. “वॉट हॅपन्ड?” तिचा चेहरा पडला होता. गुरुवारी आई दारात, म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार.

“काही नाही. बंधाऱ्यावर जायचंय.”

“टुडे?”

“आत्ता.”

मी शंकास्पद आलेखाकडे जसं बघते, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग स्लेमध्ये बसली. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. गुडघे हनुवटीपर्यंत आले, टाचा बाहेर लोंबू लागल्या. स्ले सहा वर्षांच्या मुलीची होती आणि आता ती आठ वर्षांची होती. “आय ॲम टू बिग, आई,” ती म्हणाली, तक्रार म्हणून नाही, मला माहिती म्हणून. मला तिथेच, एवढ्या आईबापांसमोर, रडू फुटणार होतं. मी दोरी धरून चालू लागले.

बंधाऱ्यावर अख्खं गाव लोटलं होतं. स्ले तर होत्याच, पण चहाचे ट्रे होते, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या होत्या, एक हवा भरायची गादी होती आणि तिच्यावर एकाच घरातले पाचजण होते. एक आजी नातीला मांडीवर घेऊन घसरत येत होती. एक तरुण बाई पोटाशी बाळ बांधून वरच उभी राहून सगळ्यांना एक-दोन-तीन म्हणत होती. कुणी कुणाला सावकाश जा म्हणत नव्हतं. मी मात्र लेकीला दोन स्वेटर, जाकीट आणि वर नाशिकहून आलेली विणलेली कानटोपी घातली होती. शेजारीणबाई आधीच येऊन दोनदा घसरून झाल्या होत्या, त्यांच्या भुवयांवर बर्फ होता. त्यांनी लेकीला आपादमस्तक न्याहाळलं. “इतकं गुंडाळलंय, पडली तर उठेल कशी?” असं म्हणून एक स्वेटर माझ्या हातात दिला. मग लाल स्लेतून बाहेर आलेल्या टाचा बघितल्या आणि स्वतःची लाकडी स्ले पुढे केली. “ही घे. पोटावर झोपून जा, तशी जास्त पळते.”

लेकीने लाल स्ले आजूबाजूला बघून एका तीन-चार वर्षांच्या चिमुरडीला देऊन टाकली. देण्याआधी तिच्यावरचं लेबल टरकन फाडलं आणि खिशात घातलं. मला विचारलं नाही आणि मला ते फार आवडलं.

खाली, उताराच्या पायथ्याशी, पाण्याचा चर आहे. काठावर पातळ बर्फ, खाली काळं पाणी. मला तोच दिसत होता. पण चराच्या अलीकडे सात-आठ मोठी माणसं हात पसरून, दहा-दहा पावलांवर उभी होती, सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकांसारखी. ज्याची गाडी थांबत नसे त्याला ती अडवत, उभं करत, पाठीवरचा बर्फ झटकत आणि पुन्हा जागेवर जात. थोड्या वेळाने वरून कुणीतरी येऊन त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवायचं आणि जागा घ्यायचं. ना शिट्टी, ना पाट्या, ना कुणी प्रमुख. मी शेजारीणबाईंना विचारलं, की हे कुणी ठरवलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. “पाणी आहे ना तिथे,” त्या म्हणाल्या.

मी “थांब, आधी नीट...” एवढं म्हणेपर्यंत लेक पोटावर आडवी झाली आणि गेली. मेण लावलेली गाडी होती ती. कानटोपीचा गोंडा हवेत, तोंडातून एक लांब किंकाळी, आणि आपल्या पोरीचा इतका मोठा आवाज मला दोन वर्षांत ऐकूच आला नव्हता. ती थांबली नाही. निळ्या टोपीतल्या एका माणसाने दोन पावलं बाजूला पळून तिला स्लेसकट अडवलं आणि दोघंही बर्फात बसली. मी धडपडत, अर्धी घसरत खाली पोचले. निळी टोपी वर झाली. माझा मॅनेजर होता.

“ही तुझी?” त्याने विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, “ताप आलेली?”

“मला ताप नाहीये,” लेक डचमध्ये म्हणाली, अगदी स्पष्ट, शेजारच्या दोघांना ऐकू जाईल असं. आणि माझ्याकडे बघत राहिली.

खरं सांगते, पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, की दुपारी उतरला, मोकळ्या हवेने बरं वाटेल असं वाटलं. पाटबंधारे खात्याची लेक आहे मी. पण ती बघत होती. याही वेळी मी जे म्हणेन ते ती ऐकून ठेवणार होती आणि त्यानंतर कायमचं काय मानायचं ते ठरवणार होती.

“नाही,” मी म्हणाले. माझं डच एकदम शाळकरी झालं. “मी खोटं लिहिलं. हिला इथे आणायचं होतं. दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं आणि आणलं नव्हतं.”

तो लगेच हसला नाही. गुडघ्यावरचा बर्फ झटकला. “मीटिंग उद्या नऊला आहे,” म्हणाला. “मी बाराला सगळ्यांना कळवलं. ग्राहकालाही मुलं आहेत, त्याने स्वतःच सुचवलं. पाऊस चारला आहे ना.” मग म्हणाला, “मला वाईट वाटत होतं, की नेमक्या आजच्या दिवशी तुझी मुलगी आजारी पडली. बायकोलाही सांगितलं. पुढच्या वेळी बर्फ आहे असं लिही. ते कारण आहे.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ओरडला असता तर मी उलट काही तरी बोलले असते, पण त्याने माझ्या खोट्याची खरी काळजी केली होती. मी फक्त चुकलं म्हटलं. त्याने मान डोलावली. त्याच्या लेखी विषय संपला होता. वर त्याची दोन मुलं चहाचा ट्रे घेऊन त्याला हाका मारत होती. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता तू उभी राहा इथे. मला जायचंय.”

अशी मी त्या रांगेत उभी राहिले. हात पसरले. पाठीमागे पाणी, समोर पांढरा उतार आणि त्यावरून सुसाट येणारी परकी पोरं. एकाला अडवताना सपाटून आपटले, कोपर चांगलंच शेकलं. शेजारीणबाई लेकीकडून एका फेरीपुरती स्ले घेऊन, पोटावर झोपून, पाय वर करून, शाळकरी मुलीसारख्या ओरडत माझ्या अगदी जवळून गेल्या आणि सत्तरीच्या बाईला असं हसताना बघून मीही मोठ्याने हसले. ही माणसं किती हिशेबी, किती रुक्ष, असं मी फोनवर किती वेळा म्हटलं असेल. कुठल्या दिवशी काम बाजूला ठेवायचं आणि कुणाच्या पोरासाठी कुठे उभं राहायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा फार चांगलं कळत होतं.

लेक पुन्हा वर गेली होती. रांगेत इतकी माणसं, पण तिने स्ले सरकवत सरकवत नेमकी माझ्या समोर आणली, हात वर केला आणि निघाली. मी पाय रोवले. ती थांबायचा प्रयत्नही करत नव्हती. सरळ माझ्या पोटात आली आणि आम्ही दोघी आडव्या झालो, तिची टोपी माझ्या तोंडात. “अगेन!” ती ओरडली. मला उठवतसुद्धा नव्हतं. मी म्हणाले, “जा, मी आहे इथे.” नऊ वेळा आली ती. दहाव्यांदा माझी जागा दुसऱ्याला देऊन तिच्या मागे बसून मीही घसरले, डोळे मिटून.

पावणेचारला पाऊस आला. सगळे आपापल्या वस्तू उचलून, कुरकुर न करता घरी निघाले. वाटेत लेक शेजारीणबाईंची स्ले ओढत चालली होती. मग म्हणाली, “आई, यू लाइड.”

“हो.”

“फॉर मी?”

“तुझ्यासाठी. पण चुकलंच ते. तुझ्या दुखण्याचं तर अजिबात सांगायला नको होतं.”

“बट यू टोल्ड हिम द ट्रुथ,” ती म्हणाली. एवढंच.

शेजारीणबाईंची स्ले पुसून त्यांच्या दारात ठेवली. मग ओले बूट ठेवायला आम्ही शेडमध्ये गेलो. खिळा मोकळा होता. तिने खिशातून ते भिजलेलं लेबल काढलं आणि त्या खिळ्याला टोचून ठेवलं. माझ्याकडे पाठ करून, बुटाची नाडी सोडत, हळू आवाजात म्हणाली, “आई, सॅटर्डेला स्विमिंगला जाऊ या?”

बघू, हा शब्द सवयीने ओठापर्यंत आला होता. मी तो गिळला आणि विचारलं, “किती वाजता?”